हौसेची किर्द

हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. आणि ज्याने पदरचे पैसे मोडून जुनी नाणी, टपालाची तिकिटे, अडकित्ते किंवा घड्याळे जमवली आहेत, त्याच्या घरातील माणसे हेच वाक्य साहजिकच निराळ्या स्वरात म्हणतात. परंतु ज्या दिवशी तो गृहस्थ आपल्या कपाटातील एखादी वस्तू बाहेर काढून, तिच्यावर फुंकर घालून, हिची किंमत किती सांगावी याचा विचार करू लागतो, त्या दिवशी हौसेला मोल येते. आणि ते मोल कोणत्या वहीत, कोणत्या खात्यावर आणि जमेकडे की नावेकडे मांडावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. हा प्रश्न समजून घेण्यास बंगळूरच्या उत्तरेकडील हेब्बाळइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

हेब्बाळ म्हटले की आजच्या प्रवाशाला विमानतळाकडे जाणारा रस्ता, एकमेकांवरून उड्या मारणारे पूल आणि त्यांच्या अंगाखांद्यावर खोळंबून राहिलेली वाहने एवढेच आठवते. त्या पुलांच्या कडेला पसरलेला तलाव केंपेगौडांच्या काळचा, म्हणजे १५३७ च्या सुमाराचा मानतात. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे चिरंजीव एकोजी तंजावरास स्थिरावले, तेव्हा त्यांना हे दूरचे ठाणे सांभाळणे जड वाटू लागले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांचा सौदा ठरण्याच्या बेतात आला. इतक्यात १६८७ मध्ये मोगलांचा सरदार कासिमखान याने शहर हस्तगत केले आणि पुढे त्याच तीन लाखांच्या बोलीवर ते म्हैसूरकरांच्या स्वाधीन केले. मध्यस्थाने माल उचलून ठरलेल्या भावाने ठरलेल्याच गिऱ्हाइकाला विकावा, असा हा व्यवहार! जुन्या मालाच्या धंद्यातील मुरब्बी दलालालाही त्यापुढे हात टेकावे लागतील.

पण आपल्या विषयाचा धागा हेब्बाळहून पश्चिमेकडे जाणाऱ्या बाह्य वळणरस्त्याने थोड्या मैलांवर असलेल्या जालहळ्ळीपर्यंत जातो. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपली एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळुरात स्थापन झाली ती यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करण्यासाठी. आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून तिने मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. त्यापूर्वी आपल्याकडे घड्याळ म्हणजे बहुधा स्विस आणि बहुधा वडिलोपार्जित. एचएमटीने ते शिक्षकाच्या, कारकुनाच्या, तालुक्याच्या गावी बदली झालेल्या ओव्हरसियरच्या मनगटावर आणून बसवले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, रजत, कांचन, स्त्रियांसाठी सुजाता: ही नावे आजही साठीच्या पुढील माणसापुढे उच्चारली, तर तो आपल्या लग्नाची, पहिल्या पगाराची किंवा वडिलांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभाची तारीख सांगू लागतो. सोनेरी तबकडीचे, आपोआप किल्ली बसणारे कांचन हवे असेल, तर केवळ पैसा पुरत नसे, ओळखही लागे. जनताची एक तबकडी तर देवनागरी लिपीत छापलेली होती. आज संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्यांपैकी ती एक.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. स्फटिकावर चालणारी, सेलची घड्याळे आली. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने होसूरहून ती देखण्या रूपात विकावयास आरंभ केला. रोज सकाळी किल्ली देण्याचा नेम लोकांना जाच वाटू लागला. आणि सरकारी कारखान्याची पावले जागच्या जागी पडत राहिली. २०१४ मध्ये घड्याळांचा कारखाना बंद होणार अशा बातम्या आल्या, तेव्हा वर्षानुवर्षे ज्या विक्रीकेंद्रांकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते तेथे गर्दी लोटली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास संमती दिली. जालहळ्ळीला २०१९ पासून कंपनीचे वारसा-संग्रहालय आहे. त्यात घड्याळांबरोबर यंत्रे आणि ट्रॅक्टरही पाहावयास मिळतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जनता किंवा पायलट ही दुर्मीळ वस्तू नव्हे. ती लाखांच्या संख्येने तयार झाली, आणि आजही महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील कपाटाच्या खणात, बंद पडलेल्या पेनाच्या आणि मुदत संपलेल्या रेशनकार्डाच्या शेजारी, एखादी पडलेली असेल. मग तिला भाव कसा आला? भाव आला तो तिच्या अस्पर्शितपणाला. जिची तबकडी मूळची, काटे मूळचे, किल्ली मूळची, केस न घासलेली आणि आतील सतरा खड्यांचे मशीन कोणी न उसवलेले, अशी जनता शेकड्यात एखादीच मिळते. कारण ही घड्याळे रोज वापरली गेली, घामाने गंजली, पावसाळ्यात ओलावली आणि कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे वारंवार उघडली गेली. उपयोगात झिजणे हा त्यांचा धर्म होता, आणि बाजाराने किंमत ठरवली आहे ती नेमकी न झिजलेल्याची. कोठल्याशा दुकानदाराच्या गुदामात पडून राहिलेला, कधीच न विकला गेलेला कोरा माल आज सर्वांत चढ्या भावाने जातो, म्हणजे एके काळी ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही त्यालाच आता गिऱ्हाइके मिळतात, यातील विनोद धंद्यातल्या माणसांना फारसा जाणवत नाही.

छंदातून धंद्यात उतरलेल्या माणसाचे भांडवल काय, असे विचारले तर लोक त्याच्या कपाटाकडे बोट दाखवतात. वस्तुतः कपाटातील माल हा भांडवलाचा गौण भाग होय. बंगळुरात बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या परिसरात भरणाऱ्या रविवारच्या बाजारात, पुण्याच्या बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात वर्षानुवर्षे फिरून, शंभर वेळा फसून त्याच्या डोळ्याला जी पारख आलेली असते, ती त्याची खरी पुंजी. भिंग डोळ्याला लावून तो प्रथम तबकडी पाहतो. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत की शाई पसरल्यासारख्या जाड आहेत? मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात की एखाद्या केसाइतक्या सरकल्या आहेत? तबकडीच्या तळाशी असणारे बारीक अक्षरांतील देशाचे नाव जागेवर आहे ना? काटे त्याच नमुन्याचे, की ‘सोना’चे काटे ‘जनता’ला लावले आहेत? केसच्या कडा धारदार आहेत, की चकाकीसाठी घासघासून साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत केल्या आहेत? मागचे झाकण उघडल्यावर मशीन त्याच मॉडेलचे निघते काय? हे सगळे तो एखाद्या मिनिटात उरकतो, आणि ते मिनिट कमावण्यात त्याची पंधरा-वीस वर्षे गेलेली असतात.

परदेशी संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द रूढ झाला आहे, आणि तो ऐकून मुंबईकराने छाती फुगवावी असे त्यात काही नाही. जुनी भारतीय आणि स्विस घड्याळे, तबकडी नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात बसवून, निळ्या-तांबड्या भडक रंगांत आणि प्रसंगी सैन्यदलाची काल्पनिक चिन्हे छापून जगभर स्वस्तात विकली गेली. त्या मालाचे हे नाव. त्या तबकड्या रंगवणाऱ्या कारागिरावर मात्र माझा राग नाही. ज्या देशात चार महिने हवा ओली असते तेथे तबकडी कुजणारच, आणि कुजलेली तबकडी नवी करून मागणारे गिऱ्हाईक आपणच होतो. माझ्या वडिलांनी आपल्या घड्याळाची तबकडी हौसेने रंगवून आणली होती आणि आठवडाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली होती. दोष त्या रंगात नाही. रंगवलेले घड्याळ मूळचे म्हणून विकताना जे मौन पाळले जाते त्यात आहे. म्हणूनच या धंद्यात जो टिकतो तो आपल्या मालाबरोबर त्या मालाची उणीवही विकतो: तबकडी पुन्हा छापलेली, किल्ली बदललेली, काचेवर ओरखडा, असे आधी सांगून मग भाव सांगतो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते या निवेदनासाठी.

संग्राहकाचा व्यापारी कसा होतो याचे जगप्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील एडवर्ड स्टॅन्ली गिबन्स यांचे. प्लिमथ बंदरात वडिलांचे औषधांचे दुकान होते. तेथेच १८५६ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, या मुलाने टपालाची तिकिटे विकण्यास प्रारंभ केला. १८६३ मध्ये दोन खलाशी केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांनी भरलेली एक पिशवी घेऊन दुकानात आले आणि ती त्याने पाच पौंडांना घेतली, ही हकीकत तिकिटांच्या दुनियेत पुराणकथेसारखी सांगितली जाते. १८९० साली त्यांनी आपला सारा धंदा २५,००० पौंडांना विकून टाकला. ज्याला स्वतःचा संग्रहच काय, स्वतःच्या नावाची पेढीही विकताना हात थरथरला नाही, तो व्यापारी खरा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपले पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. चष्म्यांचा व्यवसाय करणारा, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ १९२० च्या सुमारास वस्तू जमवू लागला, आणि दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे, फण्या अशा हजारो वस्तू जमवून १९६२ मध्ये त्याने सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला; अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहालयाला आहे. वीस हजारांच्या घरात असलेल्या त्या वस्तूंपैकी एकेक विकली असती, तर केळकर किती श्रीमंत झाले असते हा हिशेब करण्याचा मोह धंदेवाईक मनाला होतो. बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात, आणि त्यांची ओढाताण होते ती तेथेच. बंगळुरातच १९४५ साली के. बी. के. राव या ग्रंथवेड्या गृहस्थांनी सुरू केलेले सिलेक्ट बुक शॉप पुढे त्यांच्या मुलाने, विमानविद्येतील अभियंता असलेल्या के. के. एस. मूर्तींनी चालवले. अशा दुकानांतून पुस्तक विकत घेणाऱ्याला एक अनुभव हटकून येतो: मालक पुस्तक हातात देतो, पण ते लगेच सोडत नाही.

आता थोडे वहीखात्याविषयी, कारण छंदिष्ट माणूस बुडतो तो बहुधा येथे. समजा, एक बंद पडलेले पायलट आठशे रुपयांना मिळाले. घड्याळजीने ते उघडून, धुऊन, तेल घालून पाचशे घेतले. काच आणि पट्टा यांचे दोनशे झाले. डबी, वेष्टन आणि कुरियर मिळून दीडशे. पंचवीसशेला ते गेले की छंदिष्ट मनुष्य साडेआठशे नफा धरतो आणि त्या आनंदात दुसरे दोन हजारांचे घड्याळ घेऊन येतो. दहांतली दोन घड्याळे घड्याळजीकडून मृतावस्थेतच परत येतात, एखादे गिऱ्हाईक महिन्याने वेळ मागे पडते म्हणून माल परत पाठवते, आणि बाजारात फिरण्याचे रविवार तर कोणी मोजतच नाही. ही सारी रक्कम त्या साडेआठशेतून वजा व्हावयाची असते. जुन्या पेढ्यांतील मुनीम रोजची किर्द त्याच रात्री लिहून मगच दिवा मालवीत. आमच्या संग्राहकाजवळ मात्र एका वहीत खरेदी, दुसरीत विक्री आणि खर्च सगळा तोंडपाठ, अशी व्यवस्था असते. त्यातून ‘हे विकावयाचे नाही’ म्हणून बाजूला काढलेल्या वस्तूंचा ढीग दर महिन्याला वाढत जातो. त्या ढिगात अडकलेला पैसा हाही धंद्यातूनच उचललेला आहे, ही जाणीव त्याला फार उशिरा होते.

सरकारच्या दृष्टीने छंद कोठे संपतो? प्राप्तिकराच्या कायद्याने व्यवसायाच्या व्याख्येत व्यापाराच्या स्वरूपाचा एखादा सुटा व्यवहारही घातला आहे. म्हणून दुकान थाटले नाही, फलक लावला नाही, एवढ्याने सुटका होत नाही. विकण्याच्या हेतूने घेतले काय, व्यवहार किती वेळा केले, पद्धतशीर केले काय, हे पाहिले जाते. स्वतःच्या वापरातील जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत. परंतु दागिने, चित्रे, शिल्पे, पुराणवस्तूंचे संग्रह व कलाकृती यांना ती सवलत नाही. आणि आपल्या संग्रहातील भांडवली मालमत्तेचे रूपांतर कोणी विक्रीच्या मालात केले, तर रूपांतराच्या दिवशीची बाजारकिंमत ही सीमारेषा ठरते: तोवरची वाढ भांडवली नफा, त्यानंतरची धंद्याची कमाई. तो दिवस वहीत लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे. वस्तू व सेवा कराची गोष्ट थोडी दिलाशाची आहे. जुन्या मालावर, खरेदीच्या कराची वजावट घेतली नसल्यास, विक्री व खरेदी यांतील फरकावरच कर द्यावा लागतो, आणि मालाचे मूळ स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती केली तरी ही सवलत जात नाही. मालाच्या विक्रीला नोंदणीसाठी कर्नाटकात आणि महाराष्ट्रात वार्षिक चाळीस लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे खरी. पण हेब्बाळच्या गृहस्थाने करपात्र माल पुण्याच्या गिऱ्हाइकाला धाडला, म्हणजे राज्याची सीमा ओलांडली, की पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. छापील पुस्तके विकणारे एवढ्यापुरते सुखी, कारण पुस्तकांवर हा करच नाही.

याहून कडक आहे तो १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तूंविषयीचा कायदा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र किंवा शिलालेख, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे पुरावशेष ठरतात; त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत दफिना सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ऐवजाची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. दहा रुपयांचा तो आकडा वाचताना तेव्हाच्या रुपयाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. हेब्बाळमध्येच अलीकडे, २०१८ मध्ये, किट्टय्या नावाच्या वीराचा इ. स. ७५० च्या आसपासचा शिलालेख उजेडात आला. बंगळूर परिसरातील सर्वांत जुन्या कन्नड लेखांत त्याची गणना होते. शतकानुशतके तो गावातच होता. त्याला भाव नव्हता म्हणूनच तो टिकला, असे म्हणण्याचा मोह होतो.

घड्याळे या कायद्याच्या कक्षेत यावयास अजून पुष्कळ अवकाश आहे. परंतु त्यांच्या बाबतीत एक निराळीच अडचण आहे, जी कोणत्याही कायद्यात नाही. सेवानिवृत्तीच्या किंवा पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या निमित्ताने दिलेल्या घड्याळांच्या मागच्या झाकणावर पुष्कळदा नाव, हुद्दा आणि तारीख कोरलेली असते. असे घड्याळ विकावयास येते ते बहुधा मुलाकडून किंवा सुनेकडून; त्यांना त्याचा भाव ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला असतो. गिबन्सने त्या खलाशांना पिशवीतील तिकिटांचे मोल सांगितले होते काय, असा प्रश्न त्या पुराणकथेत कोणी विचारीत नाही. समोर कोणी बाई आपल्या सासऱ्यांचे कांचन रुमालातून सोडून टेबलावर ठेवते तेव्हा मात्र तो विचारावा लागतो. आणि पारख हे ज्याचे भांडवल आहे त्याने ती पारख या घटकेला किती उघड करावी, याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या झोपेच्या मानाने देतो. शिवाय कोरलेल्या नावामुळे भाव उतरतो. म्हणून काही विक्रेते झाकण घासून नाव काढून टाकतात, किंवा झाकणच बदलतात.

आणि आता सुटे भाग संपत चालले आहेत. कारखाना बंद झाल्यावर जुन्या साठ्यातील दांड्या, स्प्रिंगा, चक्रे जितकी होती तितकी होती. त्यामुळे एक कांचन चालते करावयाचे, तर तीन विकत घ्यावी लागतात आणि दोन उसवावी लागतात. किर्दीला याची हरकत नसते. तिघांची किंमत एकावर चढवली की आकडा जुळतो. पण ज्याने हा धंदा घड्याळांच्या प्रेमापायी सुरू केला, त्याच्या टेबलाच्या खणात उसवलेल्या घड्याळांची झाकणे साठत जातात, कोणा हेडमास्तरांचे, कोणा फोरमनचे, कोणा पोस्टमास्तरांचे नाव ल्यालेली. ती विकली जात नाहीत, दुसऱ्या घड्याळाला लावता येत नाहीत, आणि भंगारवाला दारावरून हाक देत जातो तेव्हा तो गृहस्थ ऐकू न आल्यासारखे करतो.